हे कुठं उतरणार?

काकांनी पहिल्या दिवशी मला ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही. मी त्यांच्या दारात उभी होते. खांद्यावर झोपलेली पोर, हातात चादरीत बांधलेलं बोचकं. बाहेर हातगाडीवर आमचा उरलेला संसार, आणि गाडीवाला घाई करत होता. काकांनी आधी बोचक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“ह्यात काय आहे?”

“भांडी.”

“आणि ती कुठं उतरणार?”

“तुम्ही सांगाल तिथं, काका.”

“मी सांगेन तिथं नाही. माल चढवायच्या आधी बंदर ठरलेलं असतं. आधी बंदर ठरव, मग उंबरा ओलांड.”

पोर खांद्यावर दगडासारखी झाली होती. मी घाबरून म्हटलं, “स्वयंपाकघरात.” तेव्हा कुठं ते दारातून बाजूला झाले. माझ्यामागं ह्यांनी ट्रंक आणली, त्यांनाही तोच प्रश्न. गाडीवाल्यालासुद्धा हिंदीतून तोच. तो बिचारा म्हणाला, “बाबू, मेरा तो कुछ नहीं उतरेगा, मैं तो जाऊँगा.” काका खूश झाले. म्हणाले, “बघा, एवढ्या लोकांत ह्या एकट्याला माहीत आहे.”

कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत काकांनी उभा जन्म जहाजात माल लावून घेण्याचं काम केलं. साहेब नव्हेत आणि हमालही नव्हेत. जहाजाच्या पोटात उभं राहून कुठली पेटी कुठल्या पेटीवर चढवायची हे सांगणारा माणूस. मूळचे रत्नागिरीकडचे, लग्न केलं नाही, निवृत्त झाले आणि गोदीपासून हाकेच्या अंतरावर जुन्या घराचा तळमजला घेऊन राहिले. जहाज सुटलं पण सवय सुटली नाही. सगळ्या जगाकडं ते जहाजाचं पोट म्हणून बघायचे. “जड खाली, हलकं वर, आणि गळकं सगळ्यांपासून लांब,” हे त्यांचं वेदवाक्य. पुढं हळूच म्हणायचे, “माणसांनाही हेच.”

आमचे हे गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या सांगलीकडची माणसं हे काम घेऊन देशभर पसरलेली आहेत. बऊबाजारात ह्यांचं छोटं दुकान. भट्टी खाली, वर माळ्यावर ह्यांच्यासोबत कामाची माणसं झोपायची. तिथं बायको-पोर कशी ठेवणार? खोली शोधायला गेलं की कुणी विचारी भट्टीचा वास येईल का, कुणी विचारी महिन्यातून किती पाहुणे गावाकडनं येतात. मला परत गावी धाडायचं जवळजवळ ठरलं होतं. अशात मराठी मंडळाच्या गणपतीत मखराचं सामान कपाटात लावताना काकांनी ह्यांना धरलं. त्या कपाटाला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडकच होता. बोलता बोलता ह्यांनी रडगाणं सांगितलं आणि काका म्हणाले, “माझी मागची खोली आणि स्वयंपाकघर घ्या. पण सामान मी बघणार.” ह्यांना वाटलं, राखण करणार. आम्ही हात जोडले.

ते उपकार मी आजही विसरत नाही. विसरू द्यायला काकांनी तरी कुठं उसंत दिली म्हणा. दर दोन-चार दिवसांनी काहीतरी असायचंच.

एकदा मी बाजारातून आले तर माझं स्वयंपाकघर जागेवर नव्हतं. तांदळाचा डबा ओट्याखाली, मसाले छताला, चहा-साखर खिडकीच्या वरच्या फळीवर.

“काका, माझा हात पोचत नाही हो तिथं!”

“रोज लागणारं हाताशी. बरोबर ठेवलंय.”

“तुमच्या हाताशी. मी ठेंगणी आहे. तुमच्या जहाजात ठेंगणी माणसं नव्हती का?”

“होती की. त्यांना स्टूल द्यायचो.” आणि खरंच संध्याकाळी एक स्टूल घेऊन आले. आता त्या स्टुलावर चढून चहा काढायचा आणि खाली उतरून स्टुलाला ठेच लागायची, हा माझा रोजचा व्यायाम. डबा खाली आणला की दुसऱ्या दिवशी परत वर. बोलायची सोय नाही, घर त्यांचं.

त्यांची स्वतःची खोली बघितली की जीव दडपायचा. एक खाट, एक खुर्ची, भिंतीला एक खिळा. खिळ्याला छत्री. ताट एक, कप एक. कुणी चहाला यायचं तर आपला कप घेऊन. दिवाळीला मी लाडूंचा डबा दिला तर दारात उभ्या उभ्या तीन लाडू खाल्ले, उरलेले गल्लीतल्या पोरांना वाटले आणि डबा धुऊन माझ्या हातात परत. “माल उतरला,” म्हणाले. पेपर वाचायचे तेही तसंच. एक पान वाचून झालं की लगेच गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या झालमुडीवाल्याकडं, म्हणजे तिकडच्या भेळवाल्याकडं, पुड्या बांधायला. मला कधी बातम्या वाचायच्या झाल्या तर मुडी विकत घ्यावी लागे आणि पुडी सोडून तेलकट अर्धी बातमी वाचावी लागे. शेवट नेहमी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं.

मंडळात बँकेचे, सरकारी कचेऱ्यांचे मोठे लोक. त्यांच्या बदल्या होत. बदली झाली की सगळ्यांना काका आठवत, कारण काकांनी ट्रक लावला की नव्या गावात पहिल्यांदा हाती लागायची ती शेगडी, चहाचा डबा आणि अंथरुणं. “आधी लागणारं शेवटी चढवायचं,” म्हणायचे. बदली नसताना मात्र त्यांना कुणी घरी बोलवत नसे. एका साहेबांच्या बाईंनी हौसेनं काचेचं कपाट दाखवलं, आतल्या बाहुल्या, शिंपले, परदेशातले कप. काकांनी एकेकीकडं बोट करून विचारलं, “ही कुठं उतरणार? आणि ही?” बाई सांगता सांगता रडकुंडीला आल्या. पुढच्या हळदीकुंकवाला मलाच म्हणाल्या, “त्यांना आवर घाल गं, तुझ्याकडं राहतात ना ते?” म्हटलं, “मीच त्यांच्याकडं राहते हो.”

अलीकडं काका नागपूरला भाचीकडं असतात. दम्यामुळं तिनं नेलं. तिचा मला फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, “ताई, त्यांनी आमचं देवघर हलवलंय.” मी म्हणते, “स्टूल दिलं का?” ती म्हणते, “दिलं.”

पण तेव्हा सगळ्यात जास्त डोकं उठायचं ते आमच्या घरातल्या पुढच्या खोलीनं. रस्त्याकडं खिडकी असलेली, उजेडाची, घरातली सगळ्यात मोठी खोली. आणि ती रिकामी. म्हणजे खरोखरच रिकामी, आत चटईसुद्धा नाही. तिथं कुणी काही ठेवायचं नाही, पावसातली ओली छत्रीही नाही. आम्ही तिघं मागं कोंडलेलो, काका मधल्या अंधाऱ्या खोलीत, आणि राजाराणीला शोभेल अशी खोली ओसाड. एकदा न राहवून विचारलं.

“रिकामी जागा नसेल तर काहीच हलवता येत नाही सूनबाई. एक पेटी काढायला दुसरी कुठंतरी ठेवावी लागते. ती जागाच नसली की माल जिथं आहे तिथंच सडतो.”

“पण काका, तुम्ही हलवता तरी काय? तुमच्याकडं एक खुर्ची आहे!”

“म्हणून तर,” म्हणाले.

आता आमच्या खोक्यांबद्दल सांगायला हवं. गलाईवाल्यांच्या घरात एक रीत असते. शहरात राहायचं कसंबसं आणि गावाकडं बांधायचं टोलेजंग. आमचंही गावाकडं घर झालं. वर गच्ची, पुढं गेट, आणि सगळ्याला कुलूप. जे काही चांगलं घ्यायचं ते त्या घरासाठी. मिक्सर घेतला, खोक्यातच ठेवला, गावी न्यायचाय. जेवणाचा काचेचा सेट, तोही खोक्यात. पितळी समई, नव्या सतरंज्या, सोफ्याच्या दोन खुर्च्या प्लॅस्टिक न काढता. एका खेपेला सागवानी टेबलाचे भाग आणले, भलंमोठं चपटं खोकं. मी मात्र पाट्यावर वाटत होते आणि कान तुटलेल्या कपातून चहा पीत होते. दरवर्षी म्हणायचं, पुढच्या वर्षी ट्रक करू. आणि दरवर्षी खोकी वाढायची. छतापर्यंत गेली. मग पुढं सरकली.

खोकी पुढं सरकत होती आणि इकडं पोर वाढत होती. श्रावणी आमची. तिच्या झोपायच्या जागेत तिचे पाय मावेनात. अभ्यासाला ती एका खोक्यावर बसायची आणि दुसऱ्यावर वही ठेवायची. कोलकात्यात वाढलेली, त्यामुळं तिचं मराठी असंतसंच. “आई, माझा भूगोल बक्सेच्या मागं पडला,” असं ओरडायची आणि आम्ही दोघी हात घालून भूगोल काढायचो. काका दारातून बघायचे.

“ही पोर मालावर बसून शिकते असं वाटतं तुम्हाला,” एकदा ह्यांना म्हणाले. “नीट बघा. माल पोरीवर बसलाय.”

“जायचंय ना काका ते गावाला.”

“कधी?”

“बघू की पुढच्या वर्षी.”

“पुढचं वर्ष हे बंदर नव्हे.”

हे हसले. मी हसले नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंत, आणि तेही कसलं. मी जन्मले सेलमला. वडलांचं गलाईचं दुकान तिथं. सातवीपर्यंत तमिळ शाळेत शिकले, पहिल्या पाचात यायची. मग वडलांनी दुकान मोडलं आणि आम्ही गावी आलो. आठवीत मला मराठी शाळेत बसवलं. बोलता यायचं, पण फळ्यावरचं एक अक्षर लागायचं नाही. मास्तर चांगले होते, म्हणाले, होईल सवय. पण तोवर परीक्षा आली. वर्षभर मी त्या वर्गात होते खरी, पण तिथं कधी उतरलेच नाही. मग घरी बसले, मग लग्न. मराठी वाचायला मी पुढं स्वतः शिकले, तेलकट मुडीच्या पुड्यांवरनं म्हटलं तरी चालेल. म्हणून श्रावणीची शाळा हा माझा एक हळवा धसका होता. कुणी ‘गाव’ म्हटलं की मी विषय बदलायचे.

तिची नववी झाली त्या सुट्टीत आम्ही जत्रेला गावी गेलो. पाण्याच्या मोटरीचं बटण आमच्या खोलीत, म्हणून खोलीची किल्ली काकांकडं ठेवली. ही मात्र चूक झाली.

परत आलो, दार उघडलं आणि मला वाटलं खोली चुकली. वारा येत होता. ह्या खोलीत वारा येतो हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. खोकी नाहीत. ती चपटी करून सुतळीनं बांधून कोपऱ्यात उभी. मिक्सर ओट्यावर, काचेची भांडी फळीवर, समई देवापाशी, सतरंजी जमिनीवर, आणि सोफ्याच्या खुर्च्या बिनप्लॅस्टिकच्या, लाजल्यासारख्या बसलेल्या. सागवानी टेबलाचं खोकं तेवढं भिंतीला टेकवून तसंच होतं.

“जड आहे,” काका दारातून म्हणाले, जणू आम्ही तेवढ्याचाच जाब विचारणार होतो. “जड एकट्यानं उचलायचं नाही.”

श्रावणी आनंदानं खोलीभर लोळली. मला हसावं की रडावं कळेना. गावच्या घराची सगळी नवलाई अशी इथं उघडी पडलेली. पण ह्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. हे सरळ खाटेखाली वाकले. मग जास्त वाकले. मग आडवे झाले.

“पोतं कुठाय?”

“कुठलं पोतं?” काका म्हणाले. “ते चिंध्यांचं? दिलं की बासनवालीला. ही बघा पातेली दिली तिनं, झाकणासकट.”

हे तिथंच जमिनीवर बसले.

सांगते, म्हणजे कळेल. सोन्याच्या कामात काही वाया जात नाही. दुकानातला केर टाकत नाहीत, हात धुतलेलं पाणी सोडून देत नाहीत, सगळ्यात सोन्याची कणी असते. कामावरचे कपडेही टाकत नाहीत. न धुता साठवायचे, पोतं भरलं की दुकानात नेऊन जाळायचे आणि राखेतनं सोनं काढायचं. आमचं पोतं कित्येक वर्षांचं. काळंकुट्ट, तेजाबाचा वास मारणारं. घरातली सगळ्यात घाण वस्तू ती, आणि सगळ्यात मोलाचीही तीच. काकांनी नवंकोरं सगळं मांडून ठेवलं आणि नेमकं तेवढंच बाहेर काढलं.

“हे कुठं उतरणार ते कुणी सांगितलं नव्हतं मला,” काका म्हणाले.

“इचारायचं हुतं की मग!” हे एवढ्या जोरात ओरडले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. “सगळ्यास्नी इचारत फिरता, कुठं उतरणार, कुठं उतरणार. माज्या पोत्याला न्हाई इचारलं?”

काका आपल्या खोलीत गेले. हे माझ्याकडं वळले. आवाज उतरला होता, ते जास्त वाईट.

“बास झालं. खोली सोडायची. मी माळ्यावर राहतो. तू आन् पोर गावी जावा. दाखला काढतो तिचा. बांधल्यालं घर कुलूप लावून पडलंय, तिथं करंल की दहावी.”

श्रावणी लोळायची थांबली. “कुठल्या भाषेत?” तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं तर आवाजच नव्हता. आठवीच्या वर्गात असंच व्हायचं माझं.

दुसऱ्या दिवशी हे दुकानावर गेले आणि काका छत्री घेऊन दारात उभे. “चल सूनबाई. माल कुठं उतरला ते बघू.”

बासनवाली म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. ती बजबजहून येते एवढं काकांना ठाऊक होतं. माझेरहाटला लोकल पकडली. मी जीव मुठीत धरून बसलेली, तर ह्या गृहस्थांना डब्यातलं परक्याचं सामान बघवेना. फळीवर एकाची माशांची टोपली, तिच्यातनं पाणी टपकत होतं. काकांनी उठून ती खाली घेतली आणि तिच्या जागी एका बाईची पिशवी चढवली. कोळी उसळला, “ओ दादू, आगे आपनि नामुन तो!” आधी तुम्हीच उतरा म्हणे. डबा हसला. काका गंभीरपणे म्हणाले, “बजबज,” आणि खाली बसले. मला वाटलं, ह्या माणसाला धावत्या गाडीतून आपणच ढकलावं.

जूट मिलच्या मागच्या वस्तीत बासनवाली सापडली. आम्हाला बघून तिला वाटलं, पातेली गळते म्हणून भांडायला आलो. पोत्याचं विचारल्यावर तिचा चेहरा उजळला. आत गेली आणि ह्यांच्या शर्टांचा गठ्ठाच घेऊन आली. धुतलेले, नीळ घातलेले, कोळशाची इस्त्री केलेले. बाकीचे तिनं विकले होते.

“धो दिया?” मी विचारलं.

“तो क्या, बिना धोए कौन लेगा? कितना गंदा रखती हो दीदी आदमी का कपड़ा! तीन बार तो पोखर में पटका, तब जाके रंग निकला.”

पोखर म्हणजे समोरचं तळं. हिरवंगार, कडेला बदकं. आमची कित्येक वर्षांची कणी न् कणी त्या बदकांच्या पायाखाली. काका तळ्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. छत्री मिटलेली, ऊन डोक्यावर. मग म्हणाले, “माल बुडाला.” त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मला राग यायला हवा होता. आलाही होता. पण त्यांना तसं उभं बघून मी आपलं म्हटलं, “चला काका, ऊन लागेल.”

परतीच्या गाडीत गठ्ठा माझ्या मांडीवर. काकांनी फळीकडं बघितलंही नाही. बरीच स्टेशनं गेल्यावर म्हणाले, “सूनबाई, माझं चुकलं ते चुकलं. एक विचारतो. पोर कुठं उतरणार?”

इतक्या वर्षांत त्यांनी डब्या-बाटल्यांबद्दल विचारलेलं सगळं मी कशीतरी टोलवत आले होते. ह्या वेळी जीभ अडखळली नाही. सेलमची शाळा, आठवीचा फळा, सगळं सांगून टाकलं. समोरची बाई आमच्या भाषेतलं एक अक्षर न कळता मान डोलवत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, “ती इथंच उतरणार काका. तिची शाळा इथं आहे.”

“मग ते खोकं बंद का आहे?”

माझेरहाटला उतरलो, घरी आले, पदर खोचला, विळी घेतली आणि सागवानी टेबलाच्या खोक्याची पट्टी टराटरा कापली.

श्रावणीनं कागद बघून पाय कुठला, फळी कुठली ते सांगितलं. स्क्रू मी बसवले. भट्टीवाल्याची बायको आहे, पकड-पाना काय मला नवा नाही. टेबल उभं राहिलं आणि कळलं की आमच्या खोलीत ते मावतं खरं, पण मग दार उघडत नाही. दोघींनी उचललं. मधली खोली ओलांडली. पुढच्या खोलीच्या दारात काका आडवे.

“तिथं नाही सूनबाई. ती रिकामी जागा आहे.”

ज्या माणसानं निवारा दिला त्याच्याशी मी कधी वर मान करून बोलले नव्हते. पण म्हटलं, “काका, बाजूला व्हा. हे इथंच उतरणार.”

काकांनी माझ्याकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. आणि पहिल्या दिवशी झाले होते तसेच दारातून बाजूला झाले. टेबल खिडकीशी ठेवलं तर लगेच पुढं येऊन वीतभर सरकवलंच. “उजेड डावीकडनं यायला पाहिजे.” काकांची सवय सुटत नाही म्हणजे नाहीच.

संध्याकाळी हे आले. आधी इस्त्रीच्या शर्टांचा गठ्ठा दिसला. एक उचलला, वास घेतला, तळ्याची हकीगत मी सांगितली तेवढी ऐकली. हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. मग पुढच्या खोलीत उजेड दिसला म्हणून तिकडं गेले. श्रावणी टेबलावर भूगोल पसरून बसली होती, हातपाय लांब करून, जशी काय जमीनदारीण.

“हे गावाकडलं टेबल हाय,” हे म्हणाले.

“होतं,” मी म्हटलं. “आता पोरीचं आहे. आणि पोर कुठं जाणार नाही, मीही नाही.” एवढं बोलून माझा मलाच घाम फुटला.

ह्यांनी टेबलावर पंजा ठेवून दाबून बघितलं. टेबल किंचित डुगडुगलं. “ह्यो पाय ढिल्ला हाय,” म्हणाले. “पाना आन गं.” श्रावणीनं पाना दिला. हे टेबलाखाली शिरले. बराच वेळ नुसता स्क्रू पिळल्याचा आवाज. मग खालूनच विचारलं, “शाळा कधी उघडतीया तुजी?”

“सोमवारी,” ती म्हणाली.

“मग वह्या आणाय पायजेत की.”

काका मधल्या खोलीतून सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत. मला वाटलं, झालं, आता तरी ह्या घरात शांतता नांदेल.

सकाळी फरशीवर काहीतरी घासत असल्याचा आवाज आला. बघते तर काका आपली खाट एकटेच ओढत व्हरांड्याकडं निघालेले. खुर्ची, खिळा, छत्री आधीच तिथं पोचलेली. मधली खोली झाडून पुसून लख्ख रिकामी.

“काका! हे काय चाललंय?”

“रिकामी जागा गेली ना. दुसरी करायला नको?”

“अहो, पण व्हरांड्यात? डास आहेत, पावसाची झड येते, तुम्हाला दमा आहे!”

“जाळी लावेन. पडदा लावेन.” धाप लागली होती तरी तोंड चालू. “घरात एक तरी जागा रिकामी पाहिजे सूनबाई. उद्या पोरीला कपाट लागेल, मग कुठं हलवशील?”

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसापुढं डोकं फोडून काय उपयोग? मग पदर खोचला आणि खाटेची दुसरी बाजू धरली. तर काका उशी आधीच खाली टाकून वर गादी रचायला निघालेले.

“उशी शेवटी चढवा!” मी ओरडले. “ती आधी लागणार आहे!”